वाचनालयातली भिजलेली पुस्तके कशी वाचवावीत

छत गळून कपाट भिजले, तर धावपळ करायची ती पहिल्या 48 तासांत. पुढे बुरशी धरते. सगळ्यात आधी दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, बाहेर काढा. ती गेली तर काय भिजले हेच कळणार नाही.

चिंब पुस्तक उघडू नका, ओले पान बोट लागताच फाटते. उभे ठेवून पाणी निथळू द्या. मग दर 20-25 पानांमागे कोरा कागद घाला, ओला झाला की बदला. रद्दी वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पंखा चालू ठेवा, पण झोत थेट पुस्तकावर नको. उन्हात तर मुळीच नाही: पुठ्ठा वाकतो.

गुळगुळीत पानांचे दिवाळी अंक आधी हाताळा. वाळताना पाने चिकटली की त्यांची वीटच होते.