नमुना आणि चल: शैक्षणिक संशोधन वाचताना या चुका टाळा

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘यादृच्छिक पद्धतीने आठवी अ ही तुकडी प्रायोगिक गट व आठवी ब ही नियंत्रित गट म्हणून निवडली.’ प्रायोगिक गटाला नव्या पद्धतीने शिकवतात, नियंत्रित गटाला नेहमीच्या. चिठ्ठी टाकली म्हणजे यादृच्छिक (निवड निव्वळ योगायोगावर सोडलेली), असं समजून आपण पुढचं पान उलटतो. पण चिठ्ठी पडली ती दोन तुकड्यांची. ८० मुलं त्या तुकड्यांत आधीपासूनच बसलेली होती, आणि ‘अ’ तुकडी गुणांवर लागण्याची पद्धत कित्येक शाळांत आहे. उत्तर चाचणीत, म्हणजे शिकवून झाल्यावरच्या चाचणीत, ‘अ’ पुढे गेली तर श्रेय नव्या अध्यापन पद्धतीचं की मुळातल्या तयारीचं? असा अभ्यास हाती आला की दोन्ही गटांची पूर्व चाचणीची सरासरी शेजारी शेजारी लिहा आणि तुकड्या कशा पाडल्या होत्या ते शोधा. माहिती नसेल तर टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारा आकडा) कितीही सार्थक असो, निष्कर्षापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढा.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नमुना, म्हणजे अभ्यासासाठी घेतलेली मुलं, यादृच्छिक निवडला असेल तर निष्कर्ष मोठ्या जनसंख्येला लावता येतो. गटांची वाटणी यादृच्छिक असेल तर फरक कशामुळे पडला हे सांगता येतं. एक असली म्हणून दुसरी असतेच असं नाही.

वाटणी किती महत्त्वाची असते, हे बालसखीच्या अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट त्या रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन वाचन आणि अंकगणित शिकवत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांचा त्यावरचा लेख २००७ मध्ये आला. आता समजा, आपण बालसखीकडे जाणारी आणि वर्गात राहणारी मुलं यांचे गुण ताडून पाहिले. काय दिसेल? बालसखीकडची मुलं मागे! कारण तिच्याकडे पाठवलीच होती कच्ची मुलं. या तुलनेवर विसंबलो तर चांगला उपक्रम बंद पडेल.

म्हणून संशोधकांनी यादृच्छिक वाटणी मुलांची न करता शाळांची केली. बडोद्यात २००१-०२ मध्ये निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, उरलेल्यांना चौथीसाठी. तिसरीची तुलना तिसरीशीच, फक्त शाळा वेगळ्या. ही मांडणी मला अतिशय आवडते, कारण कोणतीच शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही. मात्र विश्लेषणात एक गोष्ट विसरू नका: वाटणीचं एकक शाळा आहे. मुलं हजारोंनी असली तरी एकाच शाळेतल्या मुलांना स्वतंत्र नोंदी मानून गणित केलं तर फरक आहे त्यापेक्षा पक्का भासतो.

याच अभ्यासात चलाचाही धडा आहे. स्वाश्रयी चल (ज्याचा परिणाम तपासायचा तो घटक) म्हणून आपण ‘बालसखी’ लिहून मोकळे होतो, पण त्या एका शब्दात दोन बदल दडलेत: कच्च्या मुलांना वेगळं शिकवणं, आणि ती बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान होणं. परिणाम कशाचा? संशोधकांनी दोन्ही पाहिलं. सुधारणा जवळपास सगळी बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. लहान झालेल्या मूळ वर्गातच थांबलेल्यांना म्हणावा तसा फायदा झाला नाही. हाती आलेल्या प्रत्येक अभ्यासात विचारा, या चलाच्या पोटात आणखी काय काय आहे?

आश्रयी चलाबाबत (ज्यावर झालेला परिणाम मोजतो तो घटक) थोडक्यात: ‘संपादणूक’, म्हणजे मुलं किती शिकली, म्हणताना नेमकं काय मोजलं? संशोधकाने स्वतः शिकवलेल्या घटकावर स्वतःच काढलेली २५ गुणांची चाचणी असेल, तर ती त्या घटकाची संपादणूक आहे. ‘गणितातील संपादणूक’ नव्हे.

आणि नमुन्यातून कोण सुटलं ते पाहा. ‘असर’ हे मुलांचं वाचन आणि गणित तपासणारं सर्वेक्षण मुलांना शाळेत न गाठता घरी गाठतं. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. त्यामुळे गैरहजर, शाळा सोडलेली आणि खाजगी शाळेतली मुलंही मोजली जातात. पण हे मुळात ग्रामीण सर्वेक्षण आहे. त्याचे आकडे घेऊन पुण्या-मुंबईच्या शाळांवर बोललं की चूक झालीच.

शेवटी तक्त्यातला N, म्हणजे मुलांची संख्या, तपासा. पूर्व चाचणीला ८० मुलं आणि उत्तर चाचणीला ७१, तर ती नऊ जणं कोणत्या गटातून गेली? कच्ची मुलं एकाच गटातून गळली असतील, तर त्या गटाची सरासरी एकही धडा न शिकवता वाढते.