बँडच्या ऑडिशनला जायचंय? आधी चुकायची प्रॅक्टिस कर

आठवीत मी ट्रम्पेट घेऊन शाळेच्या बँडच्या ऑडिशनला गेलो, पीस तोंडपाठ होता, चौथ्या ओळीत एक सूर फाटला आणि मी शहाण्यासारखा थांबलो, सॉरी सर म्हणालो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच फाटला. नाव आलं नाही. नववीत त्याच ओळीत परत चुकलो पण वाजवत राहिलो आणि घेतलं की! २६ जानेवारीच्या परेडला एकाचा सूर गेला म्हणून अख्खी रांग थांबत नाही ना, सर तेच बघत असतात, चुकल्यावर हा पोरगा पुढच्या मात्रेला परत लयीत येतो का.

तर रोज प्रॅक्टिस संपताना एकदा तरी पूर्ण पीस न थांबता वाजवायचा, काहीही होऊदे. आजीला सोफ्यावर बसव, फोनवर रेकॉर्डिंग लाव, एकच चान्स. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या भिंतीला भिंत लागून घर, शेजारच्या बेन खिडकीतून 'बेटा, हवे बस!' (बाळा, आता पुरे!) ओरडायच्या, तरी मी शेवटपर्यंत वाजवायचो, यापेक्षा भारी रिहर्सल कुठे मिळणार. (नंतर ट्रम्पेटच्या पुढच्या भोंग्यात नॅपकिन कोंबायला लागलो.)

लयीसाठी फोनवर फुकटचं मेट्रोनोम ॲप घे, ते ठरवलेल्या वेगाने टिकटिक करतं. मिनिटाला ६० टिकटिक वर सुरू कर, नीट आलं की ६४, मग ६८, असं चार-चारने चढ. मार्चचा वेग मिनिटाला साधारण १२० पावलं असतो पण तिथे पहिल्याच दिवशी उडी मारलीस तर अवघड जागी हळू आणि सोप्या जागी सुसाट अशी सवय लागते, ती मग सुटत नाही.

साइड ड्रमवाल्यांनी आधी सिंगल स्ट्रोक (एकेक हात आलटून पालटून), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने दोन-दोन) आणि पॅराडिडल पक्कं करा, पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. ड्रम नसेल तर टेबलावर माउसपॅड ठेवून चालतं. डोळे मिटून ऐक, डाव्या हाताचा आवाज बारीक येत असेल तर तिथेच काम आहे.

ट्रम्पेटवाल्यांना एक सांगतो, आपल्या कागदावर लिहिलेला सी हा सूर वाजतो तो पियानोवरचा बी फ्लॅट. सरांनी बी फ्लॅट स्केल मागितली तर 'कॉन्सर्ट (म्हणजे पियानोची) का ट्रम्पेटची?' हे बिनधास्त विचार, उलट इम्प्रेशनच पडतं. आणि ओठ दमतात बाबा, पंधरा-वीस मिनिटं वाजवून ब्रेक घे, आदल्या दिवशी तर अगदी हलकंच वाज.

साइट-रीडिंगला, म्हणजे कधी न पाहिलेला पीस कागदावर बघून वाजवायला, सगळे टरकतात. खरं तर नोटेशन (सूर कागदावर लिहिणं) बडोद्याला नवीन नाही, गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली आणि हिंदुस्थानी संगीतासाठी स्वतःची स्वरलिपीही बनवली, आपण मात्र कागद दिसला की गार. कागद हातात आल्यावर लगेच फुंकायचं नाही. आधी टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात, किती मात्रा), मग शार्प-फ्लॅट (चढे-उतरे सूर) किती, मग सगळ्यात गिचमिड बार कुठला ते बघ आणि तो बार जमेल तेवढाच वेग धर. ६/८ दिसलं तर गरब्यातला हींच ताल आठव, मात्रा सहा पण पाय दोनच, नवरात्रात नऊ रात्री तेच तर करतो आपण.

ऑडिशनच्या दिवशी शाळेबाहेर शेवउसळ नको, ते नंतर. चूळ भर, वाल्व्हला तेल घाल, आणि रांगेत उभा असताना वाद्यात आवाज न करता गरम हवा फुंकत राहा, पितळ थंड असलं की सूर उतरतो.

अजून एक, फॉर्मवर दुसरा चॉइस रिकामा सोडू नको. साइड ड्रम आणि ट्रम्पेटला झुंबड असते, युफोनियमला (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) कोणी फिरकत नाही, त्याचा कागद ट्रम्पेटसारखा ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेला असला की बोटंही ट्रम्पेटसारखीच, फक्त माउथपीस मोठा आणि हवा जास्त लागते. जड आहे, घरी नेताना रिक्षावाला वैतागतो, ते चालवून घे.