आठ कंट्रोलर आणि आरएस-४८५ची वायरिंग: माझा अनुभव

नागपूरला हिंगणा एमआयडीसीत आमच्या युनिटमध्ये आठ ओव्हन, प्रत्येकावर टेम्परेचर कंट्रोलर, आणि सगळ्यांचं रीडिंग ऑफिसातल्या पीसीवर पाहिजे होतं. कंट्रोलर आणि पीसीमध्ये वायरवरून डेटा पाठवायच्या दोन पद्धती समोर होत्या, आरएस-२३२ आणि आरएस-४८५. आरएस-२३२ लगेच बाद, ते एकास एकच चालतं अन् तेही साधारण १५ मीटरपर्यंत. आरएस-४८५ मात्र दोन वायरवर १२०० मीटरपर्यंत जातं, एका लाइनवर ३२ डिव्हाइस बसतात.

वायरमननं पॅनलमधून प्रत्येक कंट्रोलरला वेगळी वायर नेली, म्हणजे स्टार, आणि रीडिंग मधेच यायचं मधेच गायब. ऐन मे महिन्यात शेडमध्ये दोन दिवस उभा राहून कंट्रोलरच्या सेटिंगमधला बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (डेटातली चूक ओळखायची सोय), अ‍ॅड्रेस सगळं तपासलं, सगळं बरोबर! शेवटी ती वायरिंगच काढली, एकातून दुसऱ्यात अशी साखळी केली, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावला, शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) फक्त पॅनलकडून अर्थ केली आणि केबल हीटरच्या पॉवर लाइनपासून लांब घेतली.

सहा चालू झाले, दोन गप्पच. ते दुसऱ्या कंपनीचे होते, त्यांचे ए-बी (दोन डेटा वायर जोडायच्या टर्मिनलची नावं) उलटे, ही अक्षरं सगळ्या कंपन्या सारखी वापरत नाहीत. वायर अदलाबदल केली अन् लगेच रीडिंग आलं भाऊ. उलट जोडल्यानं काही जळत नाही, म्हणून एखादाच कंट्रोलर बोलत नसेल तर आधी हेच करून बघा.