पिक्सीजचे अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत आणि त्यांत काय ऐकावे

‘फाइट क्लब’ या १९९९ च्या चित्रपटाच्या शेवटी वाजणारे ‘व्हेअर इज माय माइंड?’ ऐकून पिक्सीज या अमेरिकी रॉक बँडकडे वळणारे श्रोते पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक जण पुढे लोकप्रिय गाण्यांचा एखादा संग्रह लावतात आणि तिथेच फसतात. संग्रहात सुटी गाणी भेटतात; परंतु बोस्टनमध्ये १९८६ साली एकत्र आलेली चार माणसे नावारूपाला येत असतानाच एकमेकांना कशी दुरावत गेली, हे त्यातून कळत नाही. ते कळून घ्यायचे असेल तर १९८७ ते १९९१ या काळातील ध्वनिमुद्रणे ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्याच क्रमाने ऐकावीत, शक्यतो हेडफोनवर, आणि ऐकताना एकाच गोष्टीचा माग ठेवावा: बास गिटार वाजवणाऱ्या किम डीलच्या आवाजाला प्रत्येक वेळी किती जागा मिळाली आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. चार्ल्स थॉम्पसन, म्हणजे ब्लॅक फ्रान्सिस, आणि गिटारवादक जोई सँटियागो हे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील मित्र होते. बासवादक मिळवण्यासाठी त्यांनी जी जाहिरात दिली तिच्यात हुस्कर डू हा कर्कश बँड आणि पीटर, पॉल अँड मेरी हे सौम्य लोकगायक, दोन्ही आवडणारी व्यक्ती हवी असे म्हटले होते. या विचित्र अटीला एकट्या डीलने प्रतिसाद दिला. तीही बास न घेताच आली, कारण तिने ते वाद्य कधी वाजवलेले नव्हते. ड्रमवादक डेव्हिड लव्हरिंग तिच्या नवऱ्याच्या ओळखीतून आला. गोंगाट आणि गोडवा यांची जी सांगड पुढे बँडची ओळख ठरली, ती त्या जाहिरातीतच मागितलेली होती.

पहिल्यांदा ‘कम ऑन पिलग्रिम’ लावावा. थॉम्पसनच्या वडिलांकडून मिळालेल्या १,००० डॉलरांत, मार्च १९८७ मध्ये फोर्ट अपाची स्टुडिओत सतरा गाण्यांचा जो नमुना (डेमो) ध्वनिमुद्रित झाला, त्यातली आठ गाणी निवडून लंडनच्या ४एडी या कंपनीने हा छोटा अल्बम काढला. तो एका बैठकीत संपतो. त्यातले ‘वामोस’ मात्र लक्षात ठेवावे, कारण तेच गाणे १९८८ च्या ‘सर्फर रोझा’मध्ये पुन्हा येते आणि या दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकण्याइतका उपयुक्त अभ्यास दुसरा नाही. पहिली आवृत्ती आटोपशीर आहे. दुसरीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने ड्रम असे टिपले आहेत की खोलीच्या भिंतींचा अंदाज यावा, आणि सँटियागोची गिटार सुरांचा नाद सोडून निव्वळ ओरखडे काढत राहते. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेण्यास नाखूश असे. विक्रीतील वाटा नाकारून त्याने एकरकमी १,५०० डॉलर घेतले.

‘सर्फर रोझा’वर घाई करू नये. त्यात ‘जायगँटिक’ हे गाणे डीलने गायिले आहे आणि त्याच्या श्रेयात तिचे नाव आहे. सुरुवातीला फक्त तिचा बास ऐकावा: मोजके स्वर, काहीही सजावट नाही. कडवे ती जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते, आणि ध्रुवपदाला गिटारी एकदम कोसळतात. हळू आणि मोठ्याने या आलटापालटीला पिक्सीजचे सूत्र म्हटले जाते, पण आवाजाची पातळी बदलते एवढेच तिथे ऐकून भागत नाही. शांत भागात कोण गप्प बसले आहे, याकडे कान द्यावा. बहुतेक वेळा गिटार थांबलेली असते आणि गाण्याचा भार बास व ड्रम वाहत असतात. म्हणजे ज्या डीलकडे पुढे दुर्लक्ष झाले, तिच्याच वादनावर हे सूत्र उभे आहे. ‘व्हेअर इज माय माइंड?’मध्ये मागून येणारा तिचा लांबट हुंकार वगळला, तर त्या गाण्यात फार थोडे उरते, असे माझे मत आहे. गाण्यांच्या मधे स्टुडिओतल्या गप्पांचे तुकडेही ठेवलेले आहेत. ते पुढे ढकलू नयेत, कारण चौघांमधला मोकळेपणा इतका उघड पुन्हा कुठे ऐकू येत नाही.

यानंतर एप्रिल १९८९ चा ‘डूलिटल’. अल्बिनीच्या जागी निर्माता म्हणून गिल नॉर्टन आला, खर्च सुमारे ४०,००० डॉलरवर गेला आणि पंधरा गाणी चाळीस मिनिटांच्या आत बसली. गाणी लांबवावीत असे नॉर्टनचे म्हणणे होते. त्यावर थॉम्पसनने त्याला रेकॉर्डच्या दुकानात नेऊन जुन्या रॉक अँड रोल गायक बडी हॉलीच्या दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांची यादी दाखवली, असा किस्सा सांगितला जातो. ‘मंकी गॉन टू हेवन’मध्ये व्हायोलिन आणि चेलो आहेत; ते कुठे सुरू होतात ते शोधावे, कारण नॉर्टनने त्यांना गिटारींवर चढू दिलेले नाही. शेवटचे ‘गाउज अवे’ मात्र पुन्हा बासच्या आधारावर चालते आणि ‘जायगँटिक’नंतर लगेच ऐकल्यास सूत्र किती घोटीव झाले आहे ते ध्यानात येते. लव्हरिंगलाही इथे एक प्रेमगीत गाऊ दिले आहे, मिस्कीलपणे. डीलला स्वतःचे म्हणावे असे गाणे नाही. ‘सिल्व्हर’मध्ये ती सहलेखिका आहे, एवढेच.

ब्रिटनमध्ये हा अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत त्याला पहिल्या शंभरात जेमतेम शिरता आले. मायदेशात उपेक्षा आणि युरोपात गर्दी, अशा अवस्थेत सततचे दौरे चालू होते आणि त्यातच संबंध नासले. श्टुटगार्टच्या कार्यक्रमात थॉम्पसनने डीलच्या दिशेने गिटार फेकली. फ्रँकफर्टमध्ये तिने वाजवण्यास नकार दिला आणि तिची हकालपट्टी थोडक्यात टळली. १९८९ च्या अखेरीस बँडने विश्रांती घेतली.

या टप्प्यावर क्रम थोडा मोडावा आणि पिक्सीजच्या पुढच्या अल्बमाआधी डीलच्या ब्रीडर्स या बँडचा १९९० चा ‘पॉड’ ऐकावा. तोही अल्बिनीने ध्वनिमुद्रित केला आहे. त्याच वर्षीचा ‘बोसानोव्हा’ त्याच्या पाठोपाठ लावला की बँडमधून काय वजा झाले ते ऐकायला मिळते: पहिले गाणे दुसऱ्यांचे आहे, बाकी सगळी थॉम्पसनची. चाली सुबक आहेत, पण एका माणसाच्या. १९९१ च्या ‘त्रोंप ल माँद’मध्ये गिटारींना पुन्हा धार आहे, तरी डीलचा आवाज शोधावा लागतो. हे दोन अल्बम प्रत्येकी एकदा ऐकले तरी चालेल.

१९९२ मध्ये यूटू या आयरिश रॉक बँडच्या भव्य दौऱ्यात आरंभीचा बँड म्हणून वाजवण्याची संधीही काही बदलू शकली नाही. जानेवारी १९९३ मध्ये थॉम्पसनने बीबीसी रेडिओवरील मुलाखतीत बँड संपल्याचे जाहीर केले. सँटियागोला फोनने आणि डील व लव्हरिंग यांना फॅक्सने कळवण्यात आले.

पिक्सीजच्या प्रभावाचा पडताळा घेण्यासाठी निर्व्हाना या अमेरिकी रॉक बँडचे ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ घ्यावे. ते असलेला ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आणि ‘त्रोंप ल माँद’ हे दोन्ही सप्टेंबर १९९१ मध्येच बाहेर आले. आपण पिक्सीजची नक्कल करू पाहत होतो, असे निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेनने जानेवारी १९९४ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत मान्य केले. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीशी होते आणि बास व ड्रम उरतात, ती जागा ‘गाउज अवे’शी ताडून पाहावी. १९९३ च्या ‘इन युटेरो’साठी निर्व्हानाने अल्बिनीलाच बोलावले होते, त्यामुळे त्यातले ड्रम ‘सर्फर रोझा’च्या शेजारी ठेवून ऐकता येतात.

२००४ मध्ये चौघे पुन्हा रंगमंचावर आले आणि त्यांना पूर्वी कधी मिळाली नव्हती एवढी गर्दी मिळाली. डील २०१३ मध्ये बाहेर पडली, म्हणून २०१४ पासूनचे अल्बम या क्रमात घेऊ नयेत. ते वेगळे, नंतर, सवडीने ऐकावेत.