विहिरीचे आणि बोअरवेलचे पाणी दूषित होण्यापासून कसे वाचवावे

भूजल एकदा दूषित झाले की ते पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागू शकतात, कारण जमिनीखालचे पाणी नदीसारखे वाहून जात नाही, तर माती, मुरूम आणि खडकाच्या फटींतून बहुधा अतिशय संथपणे सरकते. त्यामुळे बिघडलेले पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा घाण विहिरीपर्यंत पोहोचूच न देणे सोपे आणि स्वस्तही असते. त्यासाठीची कामे पुढील क्रमाने करावीत.

प्रथम विहीर मध्यभागी दाखवून कागदावर परिसराचा साधा आराखडा काढावा. शौचालयाचे खड्डे, सेप्टिक टाक्या, गोठा, उकिरडा, सांडपाण्याची गटारे, कीटकनाशके व इंधन साठवण्याची जागा आणि जमिनीचा उतार या सर्वांची त्यात नोंद करावी. वापरात नसलेल्या उघड्या बोअरवेल हमखास विसरल्या जातात. पण पृष्ठभागावरची घाण गाळली न जाता थेट भूजलात उतरण्याचा तो सरळ मार्ग असल्याने त्या आवर्जून शोधाव्यात आणि कायमच्या बुजवून घ्याव्यात. जोराचा पाऊस पडत असताना परिसरातून एक फेरी मारली, तर पाणी कोठून येऊन कोठे तुंबते हे कोणत्याही आराखड्यापेक्षा स्पष्ट कळते.

यानंतर अंतरे तपासावीत. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान 30 मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूस असावा, तसेच खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान 1.5 मीटर वर असावा. ही पातळी उन्हाळ्यातील नव्हे, तर पावसाळ्यातील सर्वांत वरची धरावी. खडक भेगाळलेला असेल, तर मैलापाणी मातीतून गाळले न जाता भेगांमधून लांबवर जाते आणि 30 मीटरही अपुरे पडू शकतात. लंडनमध्ये 1854 साली ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पटकी पसरल्याचे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले; पुढील तपासणीत त्या पंपाच्या विहिरीपासून अवघ्या तीन फुटांच्या आसपास मैल्याचा एक झिरपणारा खड्डा आढळला. त्या पंपाचे पाणी मात्र चवीला चांगले म्हणून नावाजलेले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरे काम बांधकामाचे. विहिरीला कठडा आणि झाकण असावे, भोवती बाहेरच्या बाजूस उतरता सिमेंटचा ओटा असावा आणि त्यावरचे पाणी पन्हाळीने दूर न्यावे. विहिरीच्या आतील भिंतीचा वरचा सुमारे तीन मीटरचा भाग पक्का, झिरप नसलेला असावा. बोअरवेलच्या केसिंगचे, म्हणजे छिद्रात बसवलेल्या नळीचे, तोंड जमिनीपेक्षा उंच व बंद ठेवावे. केसिंग आणि खोदलेले छिद्र यांमधील पोकळी वरच्या भागात सिमेंटने भरली आहे ना, हे खोदाई करणाऱ्याला काम चालू असतानाच विचारावे, कारण नंतर ते वरून दिसत नाही.

सवयींपैकी एका सवयीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फवारणीची टाकी भरताना पाइपचे टोक द्रावणात बुडालेले असेल आणि त्याच वेळी पंप बंद पडला, तर कीटकनाशक उलट्या दिशेने विहिरीत ओढले जाऊ शकते. म्हणून पाइपचे टोक नेहमी द्रावणाच्या वर धरावे, पाइपला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा आणि फवाऱ्याची टाकी विहिरीजवळ धुऊ नये. वापरलेले इंजिन ऑइल व जुनी औषधे जमिनीवर ओतू नयेत. रासायनिक खत पिकाच्या गरजेइतकेच आणि हप्त्याहप्त्याने द्यावे, कारण पिकाने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते.

एवढे करूनही पुराचे पाणी शिरल्यास किंवा दुरुस्तीनंतर विहिरीचे निर्जंतुकीकरण करावे लागते. गढूळ पाणी आधी उपसून टाकावे. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची खोली 4 मीटर असेल, तर पाणी सुमारे 28,000 लिटर भरते. दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या नेहमीच्या प्रमाणाने येथे सुमारे 70 ग्रॅम लागेल. पाणी फार घाण झाले असेल, तर हे प्रमाण वाढवावे लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि किमान एक तास पाणी वापरू नये.

शेवटी प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जिवाणू क्लोरीनने किंवा उकळण्याने मरतात. नायट्रेटवर मात्र क्लोरीनचा परिणाम होत नाही आणि उकळल्याने पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते. नायट्रेट जास्त असलेले पाणी वापरून बनवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांना विशेष धोकादायक असल्याने त्यांच्यासाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी लगेच सुरू करावे आणि आराखडा पुन्हा हाती घेऊन खत, गोठा व शौचालयाचा खड्डा यांपैकी नायट्रेट कोठून येते, याचा शोध घ्यावा.