व्हर्सायच्या तहावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिल्या महायुद्धानंतर जेत्यांनी जर्मनीशी केलेल्या व्हर्सायच्या तहावर तेच ते वाचावं लागतं. ‘जेत्यांमध्ये मतभेद होते’ इथपर्यंत सगळे येतात. कोण कशासाठी अडून बसला आणि कशाच्या बदल्यात मागे हटला, हे फार थोडे लिहितात. खरा विषय तर तोच आहे.

नेत्यांना एकेक विशेषण चिकटवणं

या चुकीची मला सर्वांत जास्त चीड आहे. फ्रान्सचा पंतप्रधान क्लेमांसो सूडाने पेटलेला, अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन आदर्शवादी, ब्रिटनचा पंतप्रधान लॉईड जॉर्ज मधला मार्ग काढणारा: गाईडमधला हा तीन रकान्यांचा तक्ता मुलं जशीच्या तशी उतरवतात.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने हाच तक्ता तीन रंगांच्या पेनांनी, पट्टीने रेघा मारून आणला होता. अक्षर मोत्यासारखं. मी एकच विचारलं, “लॉईड जॉर्ज एवढा समजूतदार, तर नुकसानभरपाईत युद्धातल्या विधवांचं आणि जखमी सैनिकांचं पेन्शन कोणी घालायला लावलं?” तो गप्प झाला.

त्यासाठी हटून बसला होता लॉईड जॉर्जच. फ्रान्सची गावं बेचिराख झाली होती, ब्रिटनची नाही. नुसती पडझड मोजली असती तर ब्रिटनच्या वाट्याला फारसं काही आलं नसतं. आणि त्याच पंधरवड्यात, 25 मार्च 1919 च्या फाँतेनब्लो टिपणात, हाच माणूस बजावत होता की जर्मनीला फार पिळलं तर ती बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियासारख्या कम्युनिस्ट क्रांतिकारकांच्या हाती जाईल.

क्लेमांसोचंही तसंच. फ्रेंच सेनापती मार्शल फॉशला जर्मनीची सरहद्द ऱ्हाइन नदीपर्यंत मागे रेटायची होती. क्लेमांसोने ती मागणी सोडली. बदल्यात त्याने ऱ्हाइनलँडवर, म्हणजे ऱ्हाइनकाठच्या जर्मन प्रदेशावर, 15 वर्षांचा ताबा घेतला आणि पुन्हा हल्ला झाला तर धावून येऊ, अशी ब्रिटन-अमेरिकेची हमी मिळवली. पुढे अमेरिकन सिनेटने ती हमी मंजूर केलीच नाही. ब्रिटनची हमी अमेरिकेच्या हमीला बांधलेली होती, ती आपोआप गेली. फ्रान्स पुढची कित्येक वर्षं धास्तावलेला का राहिला, ते इथे कळतं.

त्या संध्याकाळी आम्ही नकाशा पसरून बसलो. तक्ता काढून टाकला आणि प्रत्येकाच्या नावापुढे तीनच गोष्टी लिहिल्या: काय मागितलं, काय सोडलं, काय मिळालं. माझ्या वहीत मी वर्षानुवर्षं असंच लिहिते.

कलम 231 न वाचता त्यावर लिहिणं

‘जर्मनीवर युद्धाचा अपराध लादला’ हे वाक्य प्रत्येक उत्तरात असतं. कलमात अपराध हा शब्दच नाही. ब्रिटन-फ्रान्सच्या लोकांना सगळा खर्च वसूल करून हवा होता, अमेरिकेला रकमेवर मर्यादा हवी होती. म्हणून 231 ने तत्त्वतः सगळी जबाबदारी जर्मनीवर टाकली आणि लगेच 232 ने मान्य केलं की तेवढं फेडण्याइतकी साधनं तिच्याकडे नाहीत. जर्मनांनी ते अपराधाचं कलम म्हणून वाचलं, हा पुढचा भाग. तो वेगळा लिहा. दोन्ही कलमं वाचायला पाच मिनिटं पुरतात. तेवढाही धीर नसेल तर ‘एका पानात व्हर्साय’ छापाच्या नोट्स पाठ करून मार्क मिळण्याची आशा धरू नका. आणि नुकसानभरपाईचा 132 अब्ज सुवर्ण मार्क हा आकडा तहात शोधू नका, तो 1921 मध्ये ठरला.

बाकीच्या, थोडक्यात

11 नोव्हेंबर 1918 ला शस्त्रसंधी झाली. तह 28 जून 1919 चा.

ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांचे तह वेगळे आहेत. सगळं व्हर्सायमध्ये कोंबू नका.

‘तीन बडे’ लिहून इटलीचा पंतप्रधान ओर्लांडोला गाळू नका. इटलीला हव्या असलेल्या फ्यूमे शहरावरून विल्सनशी बिनसल्यावर एप्रिलमध्ये तो परिषद सोडून रोमला निघून गेला होता.

जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचं कलम मागितलं. 17 पैकी 11 मतं बाजूने पडली, तरी एकमत नाही म्हणून विल्सनने ते फेटाळलं. विल्सनला ‘आदर्शवादी’ म्हणून सोडून देण्याआधी एवढं तरी लिहा.

‘भारताचा संबंध नव्हता’ हेही चूक. तहावर भारताच्या वतीने ब्रिटनचा भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांच्या सह्या आहेत. काँग्रेसने मात्र दिल्ली अधिवेशनात टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं ठरवली होती. टिळकांनी जानेवारी 1919 मध्ये लंडनहून थेट क्लेमांसोला पत्र लिहून भारताची मागणी मांडली. पॅरिसला त्यांना जाता आलं नाही.