ग्रीसच्या डोंगरातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याची युद्धसेवा बेळगावात बसून कशी शोधावी

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात घरोघरी सांगितलं जाणारं दुसरं महायुद्ध म्हणजे तोब्रुक आणि इटली. ग्रीसचा उल्लेख झालाच तर ओझरता. पण १९४२ ते १९४५ या काळात ग्रीसमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जर्मनांविरुद्ध काम करता करता तिथल्या भाऊबंदकीत कसे हात अडकवून घेतले, याचे कागद आता बऱ्यापैकी खुले आहेत. दिवाळी अंकाचा लेख असो, सीमाभागातल्या संमेलनातलं टिपण असो की एम. ए.ची प्रबंधिका, एका अधिकाऱ्याची सेवा तारीखवार मांडणं इथे बसून जमतं.

आधी त्याचं खातं ठरवा. ‘गुप्तहेर अधिकारी’ या एका नावाखाली निदान तीन खात्यांची माणसं येतात. एसओईचं (स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह) काम तोडफोड करणं आणि गनिमांना शस्त्रं व सोन्याचे सॉव्हरिन पोचवणं. तिचं कैरोतलं ऑफिस कधी एमओ ४, तर पुढे फोर्स १३३ या नावाने कागदांत दिसतं. एसआयएसचं (सीक्रेट इंटेलिजन्स सर्व्हिस) काम निव्वळ बातमी काढण्याचं. मध्यपूर्वेत ती आयएसएलडी या नावाआड वावरायची. तिसरी एमआय ९, शत्रूच्या मुलखात अडकलेल्या सैनिकांना बाहेर काढणारी. तुमचा माणूस एसआयएसचा निघाला तर सरळ दुसरा निवडा, कारण त्या खात्याचं दफ्तर लोकांसाठी उघडलेलं नाही. एसओईवाल्यांचं मात्र भरपूर मिळतं.

मग एक लांब वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, ठिकाण, कोणत्या गनिमांबरोबर, वर कोणाला कळवत होता, आणि ही माहिती केव्हा लिहिलेल्या कागदातून घेतली. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. नोव्हेंबर १९४२ची घटना त्याच आठवड्याच्या तारेत वाचणं वेगळं आणि यादवी संपल्यानंतर छापलेल्या आठवणीत वाचणं वेगळं. आठवण लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. तार पाठवणाऱ्याला नसतो. तारेलाही दोन तारखा असतात, पाठवल्याची आणि कैरोत उलगडून हाती आल्याची. दोन्ही टिपा. नाहीतर कैरोने दिलेला हुकूम कोणत्या बातमीवर दिला होता, हे उलटंपालटं होऊन बसतं.

नमुना म्हणून इंदर सिंग गिल घ्या. हेच पुढे भारतीय लष्करात लेफ्टनंट जनरल झाले आणि १९७१च्या युद्धात लष्करी मोहिमांचे संचालक होते. १९४२ साली ते रॉयल इंजिनिअर्समधले तरुण अधिकारी होते आणि एसओईच्या ‘हार्लिंग’ मोहिमेच्या १२ जणांत होते. तुकडीप्रमुख एडी मायर्स, त्यांचा उपप्रमुख ख्रिस वुडहाउस. तुकडीचा पहिला भाग ३० सप्टेंबर–१ ऑक्टोबरच्या रात्री पॅराशूटने उतरला, राहिलेले नंतर. २५ नोव्हेंबरच्या रात्री गोर्गोपोटामोसचा रेल्वेपूल उडवला. वहीत या एका रात्रीच्या नोंदीत ‘कोणत्या गनिमांबरोबर’ या रकान्यात दोन नावं येतात: आरिस वेलुखिओटिसचे ईएलएएस (कम्युनिस्टांच्या हाताखालचे गनीम) आणि झेर्वासचे ईडीईएस (त्यांचे कम्युनिस्टविरोधी प्रतिस्पर्धी). हे दोन गट एकाच कामावर बरोबर उतरण्याचा प्रसंग यानंतर फारसा सापडत नाही, म्हणून ही ओळ ठळक करा. हेतूच्या टिपणात मात्र जपा. थेसालोनिकी–अथेन्स मार्गाने उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलकडे जाणारी रसद तोडायची म्हणून मोहीम आखली होती, पण पूल पडला तेव्हा इजिप्तमधली एल अलामेनची लढाई संपून गेली होती. पुष्कळ लेखांत ‘पूल पाडल्यामुळे रोमेल हरला’ असं वाक्य येतं. ते काढून टाका.

गिल यांचं नाव कुठे इंदर, कुठे इंदरजित असं पडतं. शोधताना आडनाव आणि आद्याक्षर एवढंच टाकून आधी यादी मागवा, मग गाळा. हीच युक्ती बेळगावलाही लावा: तेव्हाच्या कागदांत ‘बेळगाव’ नि ‘मराठा’ यांची इंग्रजी स्पेलिंगं आजच्यासारखी नाहीत. मराठाच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ हा ‘आर’च्या आधी येतो आणि ‘टी’ दोन येतात (Mahratta). नव्या स्पेलिंगने शोधलं की पान कोरं येतं आणि माणूस समजतो काही नाहीच.

आता दफ्तर. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जची सूची घरबसल्या चाळता येते. सूचीत कोड रोमन लिपीत टाका. एचएस ५मध्ये एसओईचे ग्रीसविषयक कागद, एचएस ७मध्ये अंतर्गत इतिहास, एचएस ९मध्ये माणसांच्या वैयक्तिक फाइली. पदकाच्या शिफारशी डब्ल्यूओ ३७३मध्ये, परराष्ट्र खात्याचा राजकीय पत्रव्यवहार एफओ ३७१मध्ये. एचएस ९ची फाइल बंद दिसली तर बहुधा जन्माला शंभर वर्षं झालेली नसतात किंवा मृत्यूचा पुरावा पोचलेला नसतो. पुरावा जोडून उघडण्याची विनंती करता येते. स्कॅन झालेले कागद खातं उघडून ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट उतरवता येतात. स्कॅन नसेल तर आधी पानं मोजण्याचं शुल्क, मग नकलेचा दर. एकदम अख्खी फाइल मागवू नका. सूचीतलं वर्णन वाचून तारखांचा पट्टा कळवला की खर्च कमी होतो.

लंडन गॅझेटही फुकट पाहायला मिळतं, पण तिथे पदकाची तारीख छापली जाते ती घोषणेची, पराक्रमाची नव्हे. गुप्त कामासाठीच्या पदकांना गॅझेटमध्ये एखादी मोघम ओळ असते. खरी हकिकत शिफारशीच्या फॉर्मवर. तीही वरिष्ठाने पदक मिळावं म्हणून लिहिलेली, हे विसरू नका. मायर्स आणि वुडहाउस यांचे खाजगी कागद किंग्ज कॉलेज लंडनच्या लिडेल हार्ट केंद्रात आहेत, आणि इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात अशा अधिकाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकायला मिळतात.

यादवीचा सांगाडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, नाहीतर कागद वाचताना घोळ होतो. ऑगस्ट १९४३: गनिमांचं शिष्टमंडळ विमानाने कैरोला जातं आणि सार्वमत होईपर्यंत देशाबाहेर असलेल्या ग्रीक राजाने परतू नये अशी मागणी करतं. ब्रिटिश परराष्ट्र खातं भडकतं, मायर्सना परत ग्रीसमध्ये जाता येत नाही, मिशन वुडहाउसकडे येतं. ऑक्टोबर १९४३: ईएलएएस आणि ईडीईएस यांच्यात उघड लढाई. २९ फेब्रुवारी १९४४: प्लाकाचा करार, दोन्ही गटांत युद्धबंदी. २६ सप्टेंबर १९४४: कासेर्ता करार, सगळे गनीम ब्रिटिश जनरल स्कोबीच्या हाताखाली. १२ ऑक्टोबर: जर्मन अथेन्स सोडतात. ३ डिसेंबर: अथेन्सच्या चौकात निदर्शकांवर गोळीबार, आणि त्यानंतर शहरभर ब्रिटिश फौज विरुद्ध ईएलएएस. जानेवारीत युद्धबंदी, १२ फेब्रुवारी १९४५ला वार्किझा करार. १९४६ ते १९४९ची यादवी ही पुढची वेगळी फेरी. ‘ग्रीक यादवीत काम केलेला अधिकारी’ असं नुसतं लिहिलं तर वाचक हमखास १९४६ समजतो.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या रकान्यावर घाला. झेर्वासच्या मुलखात, एपिरसमध्ये नेमलेला अधिकारी आणि थेसलीत ईएलएएसबरोबर राहिलेला अधिकारी यांनी त्याच आठवड्यात पाठवलेले अहवाल शेजारी ठेवा. दोघंही खोटं बोलत नसतात. एकाला ईएलएएसचे हल्ले झेलावे लागतात, दुसऱ्याला त्याच ईएलएएसशिवाय रेल्वेच्या जवळपास जाता येत नाही. जून १९४३मध्ये आसोपोसचा पूल उडवताना ईएलएएसने अंग काढून घेतलं आणि ब्रिटिश-न्यूझीलंडच्या मूठभर माणसांनीच तो पाडला. यानंतरच्या तारांचा सूर आधीच्या तारांच्या सुरापासून किती बदलतो ते तपासा. याच काळातली ‘अॅनिमल्स’ मोहीम सिसिलीवरच्या १० जुलैच्या उतरणीपासून जर्मनांचं लक्ष ग्रीसकडे वळवायला होती. म्हणजे डोंगरातल्या अधिकाऱ्याला भरपूर गनीम हवे होते, मग ते कम्युनिस्टांच्या हाताखालचे का असेनात. आणि त्याच वेळी लंडनमध्ये राजाला परत बसवायचं घाटत होतं. अधिकाऱ्याचा अहवाल या दोन ओढींच्या मधे वाचला नाही तर तो कोणाचा तरी पक्षपाती वाटतो, आणि लेखही तसाच उतरतो.

गावांची नावं जुन्या ब्रिटिश नकाशात एक, आजच्या नकाशात दुसरी असतात. प्रत्येक ठिकाणाला जवळची नदी किंवा रेल्वे स्टेशन जोडून ठेवा. नेराइडा नावाची ग्रीसमध्ये अनेक गावं आहेत; शिष्टमंडळाला घेऊन विमान उडालं ते थेसलीतलं.

आपल्याकडचा धागा जोडायचा मोह सगळ्यांना होतो, तिथे मात्र कडक राहा. डिसेंबर १९४४मध्ये ग्रीसमध्ये होती ती ४ थी इंडियन डिव्हिजन: ७ वी ब्रिगेड सलोनिकाला, ११ वी पात्रासला, ५ वी अथेन्सकडे. मराठा रेजिमेंटच्या पहिल्या (१/५) आणि तिसऱ्या (३/५) या पलटणी अनुक्रमे ८ व्या आणि १० व्या डिव्हिजनबरोबर इटलीत होत्या. यशवंत घाडगे यांचा जुलै १९४४चा आणि नामदेव जाधव यांचा एप्रिल १९४५चा व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतलाच. दुसरी पलटण (२/५) म्हणजे काली पांचवी, ती जून १९४२मध्ये ११ व्या ब्रिगेडबरोबर तोब्रुकला कैद झाली. तेव्हा आजोबा ‘अकराव्या ब्रिगेडमध्ये’ होते एवढ्यावरून त्यांना पात्रासला नेऊन बसवू नका. मधे अडीच वर्षं गेली होती आणि ब्रिगेड नव्याने उभी झाली होती.

१/५ हा आकडा अपूर्णांकासारखा दिसतो, पण अर्थ पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण. त्याच ८ व्या डिव्हिजनमध्ये गोरख्यांचीही १/५ होती. नुसत्या आकड्यावर नोंद घेतली की मराठा जवान गोरख्यांच्या डायरीत सापडतो! ३/५ पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, म्हणून तिचे सगळेच कागद बेळगावात असतील असं धरून चालू नका. इटली-ग्रीसमधल्या फौजांच्या युद्धडायऱ्या क्यूला डब्ल्यूओ १६९ आणि डब्ल्यूओ १७० या दोन्ही ठिकाणी पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’वर मोफत आहे. मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची सूची घ्या आणि अथेन्सजवळचं फॅलेरॉनचं युद्धस्मशान निवडा. तिथे दहन झालेल्या भारतीय सैनिकांचीही नोंद आहे.

घरच्या माणसाची चौकशी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लिहायची तर सैनिक नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, तेव्हाचं गाव-तालुका आणि निवृत्तीचं साल एवढं एका पानात द्या, नातं सांगणारा कागद जोडा. नंबर नसेल तर जुनी पेन्शनची पुस्तिका, डिस्चार्जचा कागद आणि पदकाची कड बघा. त्या काळच्या बऱ्याच भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव-नंबर कोरलेला असतो. कड चकचकीत घासून काढलेली असली तर नंबर जातो, तेव्हा ब्रासो लावण्याआधी फोटो काढून ठेवा.